श्वास आखूड होतो ती जागा

पेण
८ जून २०२५

अमोल,

जय भीम.

आज रविवार असूनही कारखाना चालू होता. गणपती जवळ आले की हमरापूरला रविवार नसतो. सकाळच्या रिक्षाने गेले. दुपारपर्यंत मूर्तींच्या शेल्यांचे काठ सोनेरी केले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. चारच्या सुमारास घरी आले, क्लासहून आलेल्या मनस्वीला चहा दिला आणि लिहायला बसले.

मी तुझा फोन उचलत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. फोनवर मी गप्प होते आणि तू बोलत राहतोस. कागदावर तसं होत नाही. निकेश उद्या पहिल्या पाळीला आहे. तुझा दादा, प्रणित, गेल्यापासून तो रामवाडीहून मुद्दाम वाट वाकडी करून आमची चौकशी करून जातो. त्याच्या जोडीने त्याच प्लांटवर होता, म्हणून असेल. त्याच्याच हाती हे पत्र देते.

डबा का बंद केला ते सांगते. माझ्या शेजारी रंगवायला बसणाऱ्या सीताबाईचा भाचा, रघू, नुकताच तुमच्या कंपनीत लागलाय. सीताबाई म्हणाली, "काय गो वैशाली, आमच्या रघूला कंपनीत डोलं मिटाला शिकवतात म्हनं."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "डोलं मिटल्याचा पगार मिलतो व्हय? मंग आमाला पन लावा." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग सीताबाई हळू आवाजात म्हणाली, "रागावू नको. तिथला मास्तर एक गोष्ट सांगतो. एक कामगार व्हता. कामावर असताना त्याला बायकोचा फोन आला, पोरीच्या शालेवरनं दोघांचं वाजलं. त्याच इचारात त्यानं भलताच वॉल्व खोलला नि मेला. लक्ष नाय म्हनून जीव गेला, असं सांगतो. ती तुझ्या मालकाची गोष्ट काय गो?"

मी विचारलं, "नाव घेतलं का मास्तरानं?"

"नाव नाय घेतलं. पन त्या कंपनीत गेल्या वर्साला मेला कोन, ते सगल्यांना ठावूक हाय."

मास्तर कोण आहे हे मी विचारलं नाही. अपघातानंतर कंपनीने सजगता शिबिर सुरू केलं आणि शिकवायला तुला घेतलं, हे मला माहीत आहे. दादाबरोबर तूही विपश्यनेला जाऊन आला होतास, म्हणून तुला घेतलं, हेही माहीत आहे. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

ती गोष्ट तू सांगतोस का? हो की नाही, एवढंच लिही.

वैशाली


रोहा
१३ जून २०२५

आदरणीय वहिनीस,

सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. तुम्ही जेवला नाहीत हे वाचून वाईट वाटलं.

वहिनी, शिबिरात एक दृष्टान्त असतो. तो मुख्य ऑफिसकडून आलेल्या पाठातच आहे. त्यात कुणाचं नाव नाही. कामगारांना नुसतं 'लक्ष द्या' म्हटलं तर ते जांभया देतात. गोष्ट सांगितली की डोळे उघडतात, आणि मग ते मन लावून डोळे मिटतात. गोष्टीचा उपयोग एवढाच. सीताबाईंनी त्याचा संबंध आपल्याशी जोडला, तो जोडायला नको होता.

तुमच्या पत्रात राग आहे. राग येणं साहजिक आहे. तो आला की त्याला ढकलायचं नाही आणि धरूनही ठेवायचं नाही. शरीरात कुठे जाणवतो ते बघायचं. छातीत, घशात, हातांच्या बोटांत. बघत राहिलं की तो येतो तसा जातो. रोजच्या कामातही हे करता येतं. चहा पिताना फक्त चहा प्यावा. चालताना पाय कुठे पडतो ते बघावं. तुम्ही तर ब्रशचं काम करता, तुम्हाला हे सोपं जाईल. दादा म्हणायचा, बसायची जागा चटईवर नसते, दिवसभरात असते.

एक चांगली बातमी आहे. पुढच्या महिन्यात दादाला जाऊन वर्ष होईल. शिबिराच्या खोलीला दादाचं नाव द्यायचं कंपनीने मान्य केलंय. 'प्रणित सजगता कक्ष'. मी त्यासाठी बरेच दिवस साहेबांच्या मागे होतो. तुम्ही आणि मनस्वीने येऊन फीत कापावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. पितळेचा बोर्ड करायला टाकलाय.

दिपिकाला सातवा लागलाय. ती तुमची आठवण काढते.

आपला,
अमोल


पेण
१६ जून २०२५

अमोल,

मी हो की नाही विचारलं होतं. तू पानभर लिहिलंस. म्हणजे हो.

आता मी सांगते ते नीट वाच. तूच म्हणतोस ना, वाचताना फक्त वाचावं.

तुमच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा करतात. आत ज्वलनशील माल असतो, म्हणून आत कुणालाच मोबाइल नेऊ देत नाहीत. प्रणितचा मोबाइल दिवसभर गेटवरच्या कप्प्यात पडलेला असायचा. मनस्वी तापाने फणफणली होती तेव्हा मी गेटवर फोन करून निरोप ठेवला होता, आणि तो त्याला पाळी सुटल्यावर मिळाला होता. हे तुला माहीत आहे, कारण तुझाही मोबाइल त्याच कप्प्यांत असतो. तुझ्यासमोर डोळे मिटून बसणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल तिथेच असतो. त्या सगळ्यांना माहीत आहे की असा फोन येऊच शकत नाही. तरी तू सांगतोस आणि ते ऐकतात. मग त्या खोलीत सजग नक्की कोण आहे?

दुसरं. तुझ्या दादाचं लक्ष नव्हतं, असं तू लोकांना सांगतोस. त्याचं लक्ष कसं होतं ते मी सांगते. तो सकाळी उठून चटईवर बसायचा. आधी त्रिशरण, पंचशील, मग श्वास. मला त्याने कधी शिकवलं नाही, 'बस' असंही म्हणाला नाही. गॅसवर भात ठेवून मी त्याची पाठ बघायचे. त्या बसण्याचं त्याने कधी कौतुक केलं नाही. पण त्याला गोष्टी लवकर कळायच्या. माझं डोकं दुखतंय हे मी सांगायच्या आधी त्याला कळायचं.

मागच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला होता. तू, दिपिका, निकेश. वंदना झाली, पानं वाढली. तेव्हा तो काय म्हणाला ते आठव. मी आठवण करून देते. म्हणाला, "दोन नंबरच्या रिॲक्टरच्या मागे पाइपलाइन वळते ना, तिथं उभा राहिलो की माझा श्वास आपोआप आखूड होतो. वास काय येत नाय. पण श्वास आखूड होतो. दुसरीकडं कुठं होत नाय."

निकेश म्हणाला, "तिथल्या जोडाचा गॅस्केट झिरपत असंल. इनचार्जला सांग."

तो म्हणाला, "सांगितलं. तो हसला. म्हणाला, प्रणित महाराज, तुमचा श्वास डॉक्टरला दाखवा."

आपण सगळे हसलो होतो. तूही हसलास आणि पुन्हा खीर मागून घेतलीस. त्यानंतरही तो सांगत राहिला. इनचार्जला सांगितलं, मेंटेनन्सला सांगितलं. मला रोज सांगायचा, मी काय करणार होते? जुलैत तिथलीच लाइन फुटली. तो तिथे का उभा होता? त्याचं लक्ष होतं, म्हणून उभा होता. सगळ्या प्लांटमध्ये त्या जागेवर लक्ष असलेला तो एकटा माणूस होता, आणि तुम्ही त्याला बेसावध म्हणून शिकवता.

तो रोज श्वास बघायचा, म्हणून त्याला कळलं. तुम्ही त्याचा श्वास घेतलात आणि जे कळलं ते टाकून दिलंत.

पितळेचा बोर्ड मला नको. ज्या खोलीत त्याच्याबद्दल खोटं सांगतात त्या खोलीला त्याचं नाव कशाला? मला एकच पाहिजे. ज्यांच्यासमोर तू ही गोष्ट सांगितलीस, त्यांच्याचसमोर सांग की ती खोटी आहे. त्याने आधी सांगितलं होतं, हेही सांग.

माझ्या मुलीच्या शाळेवरून आमचं भांडण झालं, असं सगळ्या एमआयडीसीत फिरतंय. मनस्वीच्या कानावर गेलं तर तिला वाटेल, बाबा आपल्यामुळे गेले. याचा विचार तू डोळे मिटून केलास की उघडे ठेवून?

वैशाली


रोहा
२४ जून २०२५

वहिनी,

आठ दिवस लिहू शकलो नाही.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि सांगणारही नव्हतो. तुम्ही मला खोटा ठरवलं आहे, म्हणून सांगतो.

मुख्य ऑफिसकडून जो पाठ आला होता त्यात फोन नव्हता. त्यात लिहिलं होतं की कामगार दारू पिऊन पाळीवर आला होता. आमच्या दादाबद्दल. ज्याने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही. मी तो कागद साहेबांसमोर ठेवला आणि म्हणालो, हे मी सांगणार नाही, कामावरून काढा. साहेब म्हणाले, "अरे, नाव कुठंय त्यात? बरं, तुला जे पटेल ते घाल. पण लक्ष नव्हतं म्हणून अपघात झाला, एवढं आलं पाहिजे. त्याशिवाय पाठच होत नाही." तेव्हा मी दारू काढून फोन घातला. घरचा फोन कुणालाही येतो. त्यात बदनामी नाही. मी दादाला वाचवलं, वहिनी. तुम्हाला हे कळणार नाही, कारण तुम्ही त्या खोलीत नव्हता.

पंचशीलही मी मागितलं होतं. म्हणालो, आधी शील घेऊ, मग श्वास. साहेब म्हणाले, "शील नको, कुणाला धर्माचं वाटेल. श्वास सगळ्यांचा असतो." काही न मिळण्यापेक्षा श्वास तरी मिळाला. काही जणांची दारू सुटली आहे. एकाने बायकोवर हात उचलणं बंद केलं आहे. हे खोटं आहे का?

चौकशी होऊन गेली. फाइल बंद झाली. आता मी उभा राहून काही बोललो तर दादा परत येणार नाही, मीच बाहेर जाईन. दिपिकाला सातवा सरत आलाय. मी अजून कायम नाही.

तुम्ही बसत जा, वहिनी. सकाळी थोडा वेळ तरी. एवढा राग घेऊन माणूस जगू शकत नाही.

अमोल


पेण
२९ जून २०२५

अमोल,

म्हणजे त्यांनी दिलेलं खोटं तू घेतलं नाहीस, स्वतःचं केलंस. आणि ते बरं दिसतं म्हणून त्याला वाचवणं म्हणतोस.

तुझ्या दादाने पाचवं, दारू न पिण्याचं शील मोडलं, असं त्यांनी लिहिलं. ते खोडायला तू स्वतःचं चौथं मोडलंस. खोटं बोलणार नाही, हे आपण लहान असल्यापासून विहारात हात जोडून म्हणतो. तुझी आई तुला मांडीवर घेऊन म्हणायची. दर रविवारी म्हणायचं आणि सोमवारी कंपनीत जाऊन कागद वाचायचा. तुझ्या साहेबाला शील का नको होतं, ते मला आता कळलं. धर्माचं वाटेल म्हणून नव्हे. शील घेतलं असतंस तर पुढची गोष्ट तुला सांगता आली नसती.

बसत जा म्हणालास. मी बसले. गेले काही दिवस रोज सकाळी त्याच्या चटईवर बसते. तू सांगितलंस तसं राग कुठे आहे ते बघितलं. घशात आहे, आणि दातांत. बघितल्यावर जातो म्हणालास. गेला नाही. आधी गढूळ होता. सगळ्यांवर होता. सीताबाईवर, रिक्षावाल्यावर, मनस्वीवर, मेलेल्या माणसावरसुद्धा. आता तो निवळला आहे. आता तो कुणावर आहे ते मला दिसतं. बसण्याचा उपयोग होतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण तो तुझ्या सोयीचा होत नाही.

तुझी अडचण मला कळते. दिपिका मला धाकट्या बहिणीसारखी आहे. तिच्या बाळंतपणाला मी येईन, ते तुझ्यावर अवलंबून नाही.

पण वीस जुलैला इथे विहारात प्रणितच्या वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. आपलं पुण्य त्याला पोचावं म्हणून पाणी ओतायला मागच्या वेळी माझ्या शेजारी तू बसला होतास. या वेळी त्या भांड्याला हात लावायचा असेल तर आधी कंपनीत तोंड उघड. नाहीतर जेवायला ये, पाहुण्यासारखा बस आणि जा.

वैशाली


रोहा
१५ जुलै २०२५

वहिनी,

काल दुपारची तुकडी होती. कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये सगळे बसले होते. निकेश होता, सीताबाईंचा रघू होता. मागे खुर्चीवर साहेब होते.

सुरुवातीला पंचशील म्हणायचं मी ठरवलं होतं. धीर झाला नाही. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. श्वास बघायला सांगितलं. मग गोष्टीची वेळ आली. कागद हातात होता, गोष्ट तोंडपाठच आहे आता. कागद घडी करून खिशात घातला.

मी म्हणालो, "मी तुम्हाला एका कामगाराची गोष्ट सांगत आलोय. ती खोटी आहे. त्याला फोन आला नव्हता. आत फोन येतच नाही, तुम्हाला माहीत आहे. तो माझा भाऊ होता. तो सांगायचा की एका जागेवर माझा श्वास आखूड होतो. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. तिथेच लाइन फुटली."

मला पुढे काय करायचं सुचत नव्हतं. तेव्हा सवयीने शिकवायला लागलो. म्हणालो, "डोळे मिटलेलेच राहू द्या. मनाने प्लांटमधून फिरा. तुमचा श्वास कुठे आखूड होतो ते बघा."

कुणी उत्तर द्यावं असं मला म्हणायचं नव्हतं, वहिनी. पण मधल्या रांगेतून आवाज आला, "स्क्रबरच्या मागं."

मग डावीकडून कुणीतरी, "ड्रम धुतात तिथं. रोज."

"टँकाजवळचा पंप. रात्रपाळीला जास्त."

"तिथला डोळं धुवायचा नळ कवाचा बंद हाय."

रघू म्हणाला, "मला सगलीकडंच व्हतो, सर." दोन-चार जण हसले, पण डोळे मिटूनच. मग निकेशचा आवाज आला. "प्रणित गेला तिथं अजून व्हतो. नवीन गॅस्केट घातला तरी व्हतो. मी सांगितलं तर मला म्हणाले, तू पण महाराज झालास काय?"

साहेब उठले. म्हणाले, "अमोल, थांबव हे. सगळ्यांनी डोळे उघडा."

एकानेही डोळे उघडले नाहीत. साहेब पुन्हा म्हणाले. तरी नाही. कोण कुठून बोलतंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि आवाज येतच राहिले. मी तसाच समोर उभा होतो. माझे डोळे उघडे होते, म्हणून मला सगळे दिसत होते. इतके दिवस शिकवतोय, पण एवढी माणसं एवढी जागी असलेली मी पाहिली नव्हती.

आज सकाळी मला पॅकिंगला पाठवलंय. शिबिर बंद आहे. बोर्ड कालच आला होता, तो कागदात गुंडाळलेला स्टोअरमध्ये पडलाय. दिपिका रडली, मग म्हणाली, "उशिरा का होईना, बोललात."

रविवारी येतो. पाणी ओतायला बसू का?

अमोल


पेण
२२ जुलै २०२५

अमोल,

रविवारी तू आलास. दाराशी चपला काढून मागच्या रांगेत बसलास. पाणी ओतायची वेळ झाली तेव्हा बौद्धाचार्यांनी विचारलं, "प्रणितचा भाऊ आलाय ना? पुढं बोलवा." मी म्हणाले, "मुलगी बसेल." मनस्वी बसली. भांड्यावरचा तिचा हात मी वरून धरला. तुझ्याकडे मी बघितलं नाही. तू ऐकलंस हे मला माहीत आहे.

त्यानंतर तू वाढायला उभा राहिलास आणि शेवटपर्यंत वाढत होतास. निकेशने तुला ओढलं, "बस की रे, कवापास्नं उभा हायस." तू बसला नाहीस. जेवलास की नाही ते मला ठाऊक नाही. लोकांना वाटलं असेल मी फार कठोर आहे. सीताबाई माझ्या कानात म्हणाली, "काय गो, लहान दीर तो. एवढं धरून बसू नाय." मी तिला काही बोलले नाही. तुला सांगते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी, काल, मनस्वीलाही वाचायला दिलं. फोन आलाच नव्हता, हे तिला तुझ्या हातच्या अक्षरात वाचायला मिळालं. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. म्हणाली, "काकांना पाणी ओतायला बोलवायला हवं होतं." ती तिच्या बाबांवर गेली आहे. मी तशी नाही.

मी अट घातली होती तसं तू बोललास, आणि ते सोपं नव्हतं हेही मला कळतं. पण ते वर्षभराने बोललास. मधल्या महिन्यांत किती जणांनी ती गोष्ट ऐकून घरी नेली असेल? ते सगळे हॉलमध्ये नव्हते. ज्या चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं ठरलं, ती करणारेही त्या हॉलमध्ये नव्हते. डोळे मिटलेल्या माणसांनी आवाज दिले, त्याला कंपनी म्हणेल, कुणी काही बोललंच नाही.

निकेश सांगत होता, ते काही जण मिळून पुन्हा चौकशी मागणार आहेत. त्यात नाव द्यावं लागेल, समोर उभं राहावं लागेल. निकेश देतोय. रघूसुद्धा देतोय, त्याला लागून चार महिने झाले नाहीत. प्रणितने काय सांगितलं होतं हे त्याच्या घरच्या माणसाने सांगितलं तर वजन येईल. बायकोचं म्हणणं ते धरत नाहीत, ते मी गेल्या वर्षी बघितलं. तू भाऊ आहेस आणि त्याच कंपनीत आहेस. चौकशीच्या दिवशी, डोळे उघडे असलेल्या साहेबासमोर तुझं नाव सांगून तेच बोल. ते झालं की पुढच्या वर्षी पाणी ओतायला तू बस. मी स्वतः बाजूला सरकेन.

तू मला सांगत होतास, राग धरून माणूस जगू शकत नाही. राग चांगला नव्हे, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे, मी त्याच विहारात वाढले. मी त्याला खतपाणी घालत नाही. सकाळी बसते, तो दिसतो, उठते, कामाला जाते. माझा आवाज चढत नाही, मनस्वीवर ओरडणं बंद झालंय, काठ रंगवताना ब्रश चळत नाही. पण राग आहे. आणि तो आहे तोवर नाही म्हणाले तर तेही खोटंच होईल.

दिपिकाला सांग, मी पुढच्या महिन्यात कारखान्याचं काम संपलं की येते. डिंकाचे लाडू करायला घेईन. तिला जड उचलू देऊ नको.

मनस्वी क्लासला गेलीय. विहारातून मागून आणलेलं मोठं पातेलं आज परत द्यायचं आहे. तळाला खीर लागलीय, कालपासून पाण्यात घालून ठेवलंय तरी सुटत नाही. आता मोरीत बसून ते घासते.

वैशाली